नाव ठेवून घेणारा कडा

सादडवाडीच्या वरच्या अंगाला, हिरड्यांची झाडं संपतात तिथे, एक काळा सपाट खडक दरीवर झुकलेला आहे. दरीपलीकडे समोर उभा कडा. सकाळचं धुकं दरीतून वर येतं तेव्हा कड्याचा पाय दिसेनासा होतो आणि कडा नुसताच हवेत थांबल्यासारखा वाटतो. या खडकावर उभं राहून कुणाचंही नाव घ्या, कडा ते परत देतो. एकदा मोठ्याने आणि मग पुन्हा एकदा हळू, मनाशी म्हटल्यासारखं. फक्त स्वतःचं नाव घेऊन पाहा. ते जातं आणि परत येत नाही.

गावातून आम्हां भटक्यांना वर घेऊन येणाऱ्या लुमाजीबाबांनी हे वाटेतच सांगितलं होतं. वय सत्तरीच्या पुढचं, गुडघे आमच्यापेक्षा बरे. आमच्यातला पराग भौतिकशास्त्र शिकलेला. त्याने आवाजाचा वेग, कड्याचं अंतर, हवेतला ओलावा असं सगळं बाबांना समजावून दिलं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं झालं सांगितलं," ते म्हणाले. "आता हाक मारा."

परागने स्वतःच्या नावाने हाक मारली. धुकं होतं तसंच राहिलं. त्याने घसा साफ केला.

"पुन्हा मारू?"

"मारा की. कडा काय दमत न्हाई."

तीनदा मारून झाल्यावर पराग खडकावर बसला आणि आम्हीही बसलो. मग बाबांनी सांगितलं ते असं.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा घाटाला वाट नव्हती आणि भाद्रपदात एकदा धुकं उतरलं की आठ-आठ दिवस हलायचं नाही. स्वतःचा हात स्वतःला दिसत नसे. गुरांमागे गेलेली माणसं वाट चुकायची, आणि चुकून उगवतीकडे वळलं तर तिथे रान संपून एकदम दरीच होती. म्हणून गावाने एक माणूस नेमला होता. धुकं पडलं की त्याने या खडकावर उभं राहायचं आणि न आलेल्या माणसाला हाळी द्यायची. त्याला हाळकरी म्हणत.

हाळीची रीत ठरलेली होती. नाव एकदाच घ्यायचं. कडा ते दोनदा परत देई. दुसरा आवाज विरेपर्यंत थांबायचं आणि मग नुसतं ऐकायचं. खाली कुठेतरी हरवलेला माणूस "ओ" देई. तो कुठून आला ते ओळखून त्याला सांगायचं, ओढा धर, डावीकडे ये, आहेस तिथेच बस. माणसं सापडायची ती या ऐकण्यामुळे. आणि हाक नावानेच मारायची. बिननावाच्या हाकेला चकवा ओ देतो, असं सांगतात.

त्या काळी जो हाळकरी होता त्याच्यासारखा आवाज या डोंगरात पुन्हा झाला नाही. त्याची हाक धुक्याला भोक पाडून जाई. एकदा पलीकडच्या गावातला एकुलता एक पोर त्याने दोन दिवसांनी शोधून आणला. त्या पोराच्या बापाने हाळकऱ्याला लाल मुंडासं बांधलं आणि भर गावात त्याच्या पाया पडला. तिथून काहीतरी फिरलं म्हणे. हाळकरी हाकेच्या शेवटी आपलं नाव जोडू लागला. आधी एकदा. मग हाकेच्या आधी एकदा आणि नंतर दोनदा.

गावात ठकूबाई नावाची म्हातारी होती, शेळ्या राखायची. तिने त्याला विचारलं, "हे काय रे नवीन?"

"कुणाची हाक आहे ते कळायला नको?"

"बाबा, हरवलेल्याला तू कोण ते कळून काय करायचंय? त्याला घर कुठंय ते कळू दे."

तो हसला. ठकूबाई सगळ्यांनाच बोलायची.

पुढे पुढे तर कुणी हरवलेलं नसतानाही तो रोज उजाडताना खडकावर येई. लोक सूर्याला हात जोडत त्या वेळी हा आपलं नाव कड्यावर फेकी, आणि कडा ते परत देई तेव्हा डोळे मिटून घेई. रोज सकाळी त्याला तेवढं ऐकावंच लागे. नाही ऐकलं तर दिवसभर चिडचिड व्हायची. अलीकडे हरवलेली माणसं सापडायला उशीर लागतो, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल, तर धुक्यावर ढकललं गेलं.

हाळकऱ्याची बायको गोजरा. लग्नाला बारा वर्षं झाली होती. बारा वर्षांत त्याने तिचं नाव एकदाही घेतलं नव्हतं. तेव्हा कुणीच घेत नसे. बायको 'अहो' म्हणायची, नवरा 'अगं' म्हणायचा, चारचौघांत 'आमच्या घरातली' म्हणायचा. बायकोला नावाने हाक मारणारा पुरुष म्हणजे गावाला हसायला विषय. पण बाकीच्यांना बायकोचं नाव निदान मनात तरी यायचं. हाळकऱ्याच्या मनात तेवढी जागा उरली नव्हती, असं सांगतात.

भाद्रपदातल्या एका दुपारी गोजरेची पाडी रानातून आली नाही. गोजरा तिला बघायला गेली आणि मागोमाग धुकं उतरलं. हाळकरी खडकावर आला तो निर्धास्त होता.

"माझीच बायको," तो जमलेल्या लोकांना म्हणाला. "माझा आवाज ओळखते. येईल."

आणि त्याने हाक मारली, स्वतःच्या नावाची. कड्याने ती परत दिली. त्याने पुन्हा मारली. परत आलेल्या आवाजावर नवा आवाज, त्यावर आणखी एक. थोड्याच वेळात सगळी दरी त्याच्या नावाने काठोकाठ भरली.

गोजरा खाली होती. तिने ऐकलं होतं. ती दर वेळी ओ देत होती, पण तिची ओ वर पोचायच्या आत तिच्यावर कड्यावरून त्याचं नाव कोसळत होतं. पुढे तिने सांगितलं म्हणे, की ते नाव चहूबाजूंनी यायचं. शंभर हाळकरी रानात उभे आहेत आणि एकही मला शोधत नाहीये, असं वाटत होतं. त्यातला जो आवाज सगळ्यांत मोठा, तिकडे ती चालत राहिली. तो कड्यावरून येणारा होता. ती उगवतीकडे चालली होती.

उजेड उतरू लागला. खालून दगड घरंगळल्याचा आवाज आला, आणि तो कुठे थांबला ते ऐकू आलं नाही. मग ठकूबाई पुढे झाली.

"तिचं नाव घे."

"एवढ्या माणसांत?"

"मग काय, मेल्यावर घेणारेस?"

हाळकऱ्याने लोकांकडे पाहिलं. मान वळवून तो ओरडला, "अगं! अगं ए!"

खालून ओ आली. लगेच आली, स्वच्छ आली आणि उगवतीच्या पोकळीतून आली, जिथे माणसाला उभं राहायला तसूभर जागा नाही. पोरं आयांना बिलगली. ती ओ कुणाची होती हे कुणी कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दोघातिघांनी गोजरेच्या नावाने हाका मारून पाहिल्या. त्यांचे आवाज दरीच्या मध्यावरच धुक्यात बुडाले. एवढ्या दाट धुक्यातून कड्यापर्यंत पोचेल असा आवाज एकाचाच होता.

तेव्हा त्याने डोक्यावरचं मुंडासं काढलं. ते खडकावर ठेवलं, शेजारी गुडघे टेकले आणि कपाळ ओल्या दगडाला लावलं. सादडवाडीचे लोक कड्यालाच देव मानतात. त्याला मूर्ती नाही, शेंदूर नाही, देवाला नावही नाही. इतकी वर्षं रोज समोर उभं राहूनही हाळकरी त्याच्याशी कधी बोलला नव्हता. आपलंच ऐकून परत जायचा.

"देवा," तो म्हणाला, "माझं नाव तू ठेव. मला परत देऊ नको. कधीच देऊ नको. तिला दे."

तो उभा राहिला आणि त्याने शेवटचं एकदा आपलं नाव घेतलं, नैवेद्य समोर ठेवावा तसं.

ते गेलं आणि आलं नाही.

असं सांगतात की त्या क्षणी दरी जितकी शांत झाली तितकी त्याआधी कधी झाली नव्हती. कारवीच्या पानांवरून थेंब पडलेले ऐकू आले. ओढ्यातलं पाणी कुठल्या दगडाला वळसा घालतंय ते ऐकू आलं. धुकं श्वास घेतल्यासारखं हलत होतं. हाळकऱ्याला वाटलं, आपण इथे नाहीच. खडक आहे, कडा आहे, मधे कुणीतरी कुणाची तरी वाट पाहतंय, आणि ते वाट पाहणं एवढं मोठं आहे की त्यात आपण कुठे संपतो ते समजत नाही. त्याला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

मग तो म्हणाला, "गोजरा."

ओरडला नाही, नुसतं म्हणाला. कड्याने ते नाव उचललं आणि दरीभर पसरलं. एकदा मोठ्याने. मग पुन्हा एकदा, हळू. हाळकरी गप्प राहिला. सवयीने ओठ हलले, पण त्यावर ठेवायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

दूर खालून, डावीकडून, बारीक आवाज आला.

"ओ."

"आहेस तिथेच थांब," तो म्हणाला. "पाठ फिरव. आता पाण्याचा आवाज येतो तिकडे ये."

तो नाव घेई, थांबे, ऐके. ती ओ देई, चाले. किती वेळा ते कुणी मोजलं नाही. शेवटी धुक्यातून आधी पाडी आली, तिच्या शेपटीला धरून मागे गोजरा. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, पायांतून रक्त. सगळं गाव बघत होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"मला वाटलं, तुम्हाला माझं नाव ठाऊकच नाही," ती म्हणाली.

तो रडला. ठकूबाईनेही पदर डोळ्याला लावला, पण विचारलं तर ती धुराने म्हणायची.

गोजरेने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या नावाची पहिली हाक नवऱ्याच्या आवाजात होती. दुसरी, हळू आलेली, त्याच्या आवाजात नव्हती. तो आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता आणि तरी तो तिला तिच्या जन्माआधीपासून ओळखत होता. कुणाचा होता, हे ती मरेपर्यंत बोलली नाही. विचारलं की हसायची.

दुसऱ्या दिवशी लोक हाळकऱ्याला बोलवायला गेले, तर त्याचं नाव कुणालाच आठवेना. त्याच्या आईलाही नाही. त्यालाही नाही. पुढे तीस वर्षं तो हाळी देत राहिला, आणि त्या तीस वर्षांत या रानात एकही माणूस हरवून राहिला नाही. तो गेला तेव्हा गावाने त्याच्यासाठी दगड उभा केला. त्यावर काय कोरायचं ते कुणाला सुचलं नाही. दगड अजून कोरा आहे.

"नाव काय होतं हो त्याचं?" परागने तरीही विचारलं.

बाबा मोठ्याने हसले. "तेच तर त्यानं देऊन टाकलं. तुमी परत मागताय व्हय?"

आपण काय करतो? दिवस उजाडल्यापासून आपण दरीत आपलं नाव ओततो. प्रेम करताना, मदत करताना, अगदी प्रार्थना करतानासुद्धा शेवटी आपलं नाव जोडतो, आणि वर तक्रार करतो की पलीकडून कुणी ओ देत नाही. पलीकडून ओ येतच असते. आपण एकदा गप्प बसलो तर ती ऐकू येईल, आणि हे उद्यावर टाकण्याचं काहीही कारण नाही.

आजही सादडवाडीत रोज सकाळी कुणीतरी खडकावर येतं. पाळी नसते, ज्याला जाग येईल तो. आधी आपलं नाव घ्यायचं आणि ते परत येत नाही ते नीट ऐकायचं. त्या शांततेत उभं राहायचं. घाई करायची नाही. मग दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचं. आजारी असलेल्याचं, पुण्याला कामाला गेलेल्याचं, कालच भांडण झालेल्याचं. लग्न झाल्यावर नवरा नवरीला आधी इथे आणतो आणि साऱ्या वऱ्हाडासमोर नावाने हाक मारतो. त्याशिवाय ती घराचा उंबरा ओलांडत नाही. या गावात बायकाही नवऱ्याला खुशाल नावाने हाक मारतात, आणि कुणाला हसू येत नाही.

बाबांचं सांगून झालं होतं. धुकं आमच्या पायांपर्यंत आलं होतं आणि कडा त्यात अर्धा विरघळला होता. कुणालाच उठावंसं वाटत नव्हतं. तेवढ्यात खालून, हिरड्यांच्या आडून, एका म्हातारीचा आवाज आला.

"लुमाजी! चहा निवतोय!"

कड्याने चहाचं सोडून दिलं. नाव तेवढं घेतलं. लुमाजी, एकदा मोठ्याने. आणि मग पुन्हा एकदा, हळू.

बाबा दुसरा आवाज पुरता विरेपर्यंत थांबले. मग म्हणाले, "ओ," आणि उतरू लागले.