पातळाला बंदी

रणधवल महाराजांच्या विमानतळावर पातळ पदार्थांना सक्त बंदी होती. कारण साधंच होतं. एकदा उड्डाणात कुणा प्रवाशाच्या डब्यातली कटाची आमटी महाराजांच्या नव्याकोऱ्या अंगरख्यावर सांडली होती. अंगरखा धुऊन निघाला, राग काही निघाला नाही. महाराजांनी दारावर पाटी लावली: ‘पातळ आत जाणार नाही. कोणाचंही, कसलंही.’ तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून सामान तपासणाऱ्या यंत्राशेजारी खुर्ची टाकून ते स्वतःच बसू लागले. राज्यकारभार बघायला प्रधान होतेच.

त्या पाटीखाली ठकूबाई माळीण सात महिन्यांच्या नातीला, मंजीला, कडेवर घेऊन उभी राहिली. तिची सून राणीसाहेबांची दासी. काल राणीसाहेब खास विमानानं माहेरी निघाल्या आणि सुनेलाही तातडीनं जावं लागलं. मंजी तापानं फणफणली होती, तिला कसं नेणार? जाताना सुनेनं आपलं दूध काढून बाटल्यांत भरलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं आणि डोळे पुसत गेली. आज ताप उतरला होता. आजचं विमान चुकलं तर पुढचं पंधरा दिवसांनी, आणि बाटली तर एकच उरलेली.

शिपायानं डबा उघडला.

“हे काय?”

“दूध.”

“पातळ!” शिपायानं जाहीर केलं. “इथंच ठेवा, मावशी. विमानात दूध मिळतं.”

“वरचं दूध पोरगी घेत न्हाई.”

“विमानात वरचंच मिळणार. विमान वर असतं,” शिपाई गंभीरपणे म्हणाला.

ठकूबाईनं कपाळाला हात लावला. “आरं बाबा, आईच्या दुधाबिगर ती कशाला तोंड लावत न्हाई. तीन तास उपाशी ऱ्हाईल लेकरू!”

खुर्ची करकरली. महाराज पुढे झाले होते.

“काय गोंधळ आहे?”

शिपायानं सगळं सांगितलं. महाराजांनी मिशीवर बोटं फिरवली. त्यांना असली भानगड फार आवडे.

“ऐक, माळीणबाई! मुलगी उपाशी राहता कामा नये. विमानात रडता कामा नये, लोकांची झोप मोडते. आणि पातळ या दारातून आत जाता कामा नये. तिन्ही जमवून दाखव आणि खुशाल जा. नाही जमलं तर चल घरी!”

रांगेतले लोक हळहळले. ठकूबाई मात्र रडली नाही. तीस वर्षं ती राजवाड्याच्या बागेत खपली होती. महाराजांपुढे रडलं की ते जास्तच ताठतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं मान वर करून पाटी एकदा वाचली, पुन्हा वाचली, मग रांगेत मागे पाहिलं. मागे राजमाता आईसाहेब उभ्या होत्या. गेल्याच खेपेला त्यांचा खोकल्याचा काढा याच दारात जप्त झाला होता, त्यामुळे चेहरा काढ्यासारखाच होता.

“सरकार, हुकूम समद्यांना सारखा?”

“सगळ्यांना! आमच्या सख्ख्या आईलासुद्धा!”

“मग माझं काय न्हाई,” ठकूबाई पदर सावरत म्हणाली. “माझ्या अंगावर लुगडं हाय. पण आईसाहेबांच्या अंगावर पातळ हाय!”

शिपायानं पाटी वाचली, आईसाहेबांकडे पाहिलं, आणि नियमाला जागून एक टोपली पुढे केली.

“पातळ काढून यात ठेवावं लागतं,” तो जमिनीकडे बघत पुटपुटला.

“रणधवल!” आईसाहेब कडाडल्या.

महाराजांचे कान लाल झाले. “मूर्खा, टोपली खाली ठेव! ते पातळ नाही, ते... ते लुगडंच आहे!”

“लुगडं?” आईसाहेबांनी कमरेवर हात ठेवले. “गेल्या दिवाळीला तूच आणलंस ना? ‘आईसाहेब, पातळ पसंत पडलं का?’ म्हणून तीनदा विचारलंस! काढा जप्त केलास तो केलास, आता हेही जप्त कर!”

महाराजांनी घाम पुसला. हुकूम मागे घ्यावा तर नाक जातं, आणि राखावा तर आई अशी समोर उभी! शेवटी त्यांनी खडू मागवला आणि पाटीवरच्या हुकुमाखाली घाईघाईनं स्वतःच्या हातानं लिहिलं: ‘मात्र अंगावरचं चालेल.’

“झालं? आता कोणी काही बोलायचं नाही!”

“न्हाई बोलत, सरकार.” ठकूबाईनं बर्फातली बाटली काढून शांतपणे त्यांच्या हातात ठेवली. “निघू मग आम्ही?”

“अगं, हे दूध आहे!”

“व्हय. पर वरचं न्हाई, सरकार. सुनंच्या अंगावरचं हाय!”

महाराजांनी बाटलीकडे पाहिलं. पाटीकडे पाहिलं. खडू अजून बोटांना लागलेला होता.

पहिल्यांदा आईसाहेब हसल्या, खोकल्यासकट. मग रांग हसली. महाराजांनी मिशी चावून थोडा वेळ तग धरला, आणि मग असे काही गदगदून हसले की यंत्र दोनदा वाजलं.

“हरलो, माळीणबाई, हरलो! आजपासून लेकरांचं खाणंपिणं या दारात कोणी अडवायचं नाही! मुलीला चांदीचे वाळे द्या! सुनेला महिन्याची भरपगारी रजा! आणि तुला काय हवं? माग, माग!”

“तांब्याभर कोमट पाणी द्या, सरकार. बाटली लई गार हाय.”

शिपाई अस्वस्थ झाला. “महाराज, पाणी...”

“आण!” महाराज हसत हसत ओरडले. “नाहीतर तुझ्या अंगावर ओतून आणायला लावीन!”