चुलीवरून उतरवलेलं सार

“आणि बायकोचं काय करणार आहेस?”

भैरीबुवांनी हे विचारलं तेव्हा ते चुलीत फुंकर मारत होते. त्यामुळं प्रश्न समोरच्या माणसाला होता की चुलीला, हे कळायला मार्ग नव्हता.

समोर शंभू करडे बसला होता. धंद्यानं तांबट. तांब्याची पातेली ठोकून ठोकून त्यानं अर्ध्या तालुक्याच्या चुलींवर चढवली होती. आज मात्र हातोडी घरी ठेवून मठात आला होता. दीक्षा घ्यायला. डोकंही वाटेतच भादरून घेतलेलं. बुवा नाही म्हणाले असते तरी निदान उवांचा प्रश्न सुटला होता.

“बायकोचं काय करायचंय, बुवा? घर आहे, वर्षाचा भात आहे, भाऊ आहेत तिचे. तिला कुणाची गरज नाही. थंड काळजाची बाई.”

“थंड?”

“पोर गेलं आमचं. मधू. अठरा वर्षांचा... कावीळ झाली आणि नवव्या दिवशी गेला.”

हे मठात सगळ्यांना ठाऊक होतं. मधूला मठाखालच्याच वाटेनं नेलं होतं, आणि शंभूचा हंबरडा वर देवळापर्यंत ऐकू आला होता.

“मी महिनाभर रडलो. सगळ्या आळीनं ऐकलं. भिंतीवर डोकं आपटून घेतलं, ही बघा खूण.” भादरलेल्या डोक्यावर खूण चांगली स्वच्छ दिसत होती. “आणि ती? डोळ्यांत टिपूस नाही! तेराव्याला पंगतीत वाढत होती. ‘आणखी एक घ्या’ म्हणून आग्रह करत होती लोकांना.”

“हं.”

“आणि रोज त्याचा सदरा धुते. निळ्या रेघांचा. रोज! घातलाय कुणी? मळलाय कुठं? विचारलं तर म्हणते, ‘असू दे.’ साबणाच्या वड्या संपतात नुसत्या.”

 बुवांनी एक लाकूड आत सारलं... मग तेच बाहेर ओढलं.

मी, बुवांचा चेला, कोपऱ्यात कुळीथ निवडत होतो. म्हणजे, निवडत असल्यासारखा बसलो होतो. काढलेले खडे परत कुळथातच पडत होते. सदऱ्याचं ऐकल्यावर तेवढंही जमेना.

“मी आता निवलोय, बुवा.” शंभूच्या आवाजात जरा फुशारकी आली. “आत काही उरलं नाही. सहा महिन्यांत मन असं शांत! लोकांचे जन्म जातात याच्यात. द्या दीक्षा.”

“देतो.”

मी दचकलो. भैरीबुवा भिक्षेत आलेली मिरचीसुद्धा इतक्या सहज कुणाला देत नसत.

“आधी सार कर,” बुवा म्हणाले. “उकळलं की उतरव. ते निवलं की बसू दीक्षेला.”

आणि त्यांनी त्याच्यापुढं दगडी सरकवली. मऊ दगडातून कोरून काढलेलं, जाड बुडाचं, काळंकुट्ट भांडं. उचलताना माणूस दोनदा देवाचं नाव घेतो.

शंभूनं दगडीकडं असं पाहिलं, जसा सोनार पितळेच्या नथीकडं पाहतो.

“लाज काढता का माझी, बुवा? सांगितलं असतंत तर तांब्याचं पातेलं आणलं असतं, कल्हई करून. दोन काटक्यांत उकळी, आणि खाली घेतलं की बघता बघता निवतं. हे धूड कधी तापायचं?”

“तापेल.”

शंभूनं दगडीत सकाळीच काढून ठेवलेलं कुळथाचं कढण ओतलं, आमसूल-मीठ-मिरची घातली आणि ती चुलीवर चढवली. वाट पाहिली. लाकडं घातली. परत वाट पाहिली. दगडी आपली ढिम्म.

त्यानं वरची कड बोटानं चाचपली.

“गारच! काही नाही हिच्यात,” असं म्हणून तो माझ्याकडं पाहून हसला. मीही हसलो. मला हसायला कारण लागतं थोडंच?

बऱ्याच वेळानं एक बुडबुडा आला. मग दोन आले. मग सगळंच सार उसळायला लागलं. शंभूनं तांब्याच्या सवयीनं ते आणखी चांगलं खळखळू दिलं, फडक्यानं दगडी धरली आणि कण्हत कण्हत खाली सारवलेल्या जमिनीवर ठेवली.

“झालं, बुवा.”

सार उकळत होतं.

शंभू बघत राहिला. मी कुळीथ टाकून पुढं सरकलो. चूल हातभर लांब. खाली नुसती जमीन. आणि दगडीत सार खदखदत होतं. फेस कडेवरून ओघळला.

“बुवा... हिला खाली घेतलीय.”

“घेतलीस.”

“विस्तव नाही खाली.”

“नाही.”

“मग ही...”

बुवांनी चुलीतली लाकडं एकेक करून ओढली आणि पाणी मारून विझवली. चर्र झालं, धूर झाला, चूल काळी पडली.

सार उकळतच होतं.

 शंभूच्या ओठांवर सदैव काहीतरी असायचं. आता ओठ नुसते हलत होते.

“सहा महिने झाले, बुवा...” तो म्हणाला.

त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यानं कळशी जवळ ओढली. “गार पाणी ओतू?”

“तडकेल.”

“फुंकू?”

“फुंक की. दम संपेल तुझा.”

“मग झाकून ठेवू?”

“उतू जाईल.”

“अहो, मग करायचं काय हिचं!”

हा आवाज मी ओळखला. सहा महिन्यांपूर्वी खालच्या वाटेवरून आला होता तोच. मला गंमत वाटायला हवी होती. एवढा पातेल्यांतला पंडित एका भांड्यापुढं हरला होता. पण मी मान खाली घालून खडे शोधायला लागलो, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला ते खरोखर दिसेनात.

“काही करायचं नसतं,” बुवा म्हणाले. “शेजारी बसायचं.”

शंभूनं पंचा डोळ्यांना लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग नाक ओढलं, आणि शहाण्या पोरासारखा दगडीच्या शेजारी मांडी घालून बसला.

बुवांनी त्याच्याकडं पाहिलं...

“इथं कशाला बसलास रे?”