हळीवांचं बारसं

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. एका राज्यात हळीपूर आणि वाणगड असे दोन परगणे होते. दोन्हींच्या मधोमध एक भलंमोठं कुरण होतं आणि त्या कुरणावर काही माणसं राहत होती. कधीपासून म्हणाल, तर परगण्यांची हद्द आखायला राजाचे लोक आले, तेव्हा त्यांना सावलीत बसवून मक्याच्या भाकरी याच माणसांनी खाऊ घातल्या होत्या.

या माणसांना एक जुनं नाव होतं. पण पूर्वीच्या एका राजाने त्या नावाची माणसं शोधून शोधून हाकलली. तेव्हा वडीलधाऱ्यांनी ते नाव उच्चारायचंच सोडून दिलं. मुलांनाही सांगितलं नाही. नाव इतकं जपून लपवलं, की शेवटी ते त्यांचं त्यांनाच सापडेना! भीतीपोटी शहाणी माणसंही असा घोळ घालतात.

राजाच्या वहीत दोनच रकाने होते. एक मालकांचा, एक चाकरांचा. कारकून यायचा आणि तोंडाकडे बघून मनाला येईल त्या रकान्यात लिहायचा. एकदा तर दोघी सख्ख्या बहिणी दोन वेगळ्या रकान्यांत गेल्या. मुलं शिकायला गेली, की मालकांच्या शाळेतले गुरुजी म्हणत, "तुम्ही आमचे नाही." चाकरांच्या शाळेतले गुरुजीही तेच म्हणत.

मग कुरणावरच्या लोकांनी आपली शाळा आपणच बांधली. कुणी झाडं तोडली, कुणी फळ्या तासल्या, कुणी भिंती लिंपल्या. पहिल्या दिवशी मुलं आत बसली, तेव्हा बाहेर उभी असलेली मोठी माणसं डोळे पुसत होती.

आठ दिवसांत कारकून हजर झाला.

"ही शाळा कुणाची? वहीत ज्यांच्या जमातीचं नाव नाही, त्यांना शाळा बांधायचा हक्क नाही. आत्ताच्या आत्ता नाव सांगा, नाहीतर उद्या शाळा पाडतो."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एकजण कुजबुजला, "एखाद्या बड्या घराण्याचं नाव सांगून टाकू. वेळ तर निभावेल."

"खबरदार!" म्हातारी सुईण कडाडली. कुरणावरचं झाडून सगळं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. "उसनं नाव लावून पोरांना शाळेत बसवणार होय रे? आपला एक पाय हळीपुरात, एक वाणगडात. अर्धं नाव इकडचं घेऊ, अर्धं तिकडचं. लिही बाबा, आम्ही हळीवा."

कारकून पोट धरून हसला. "हळीवा? म्हणजे बाळंतिणीला लाडू करतात, ते हळीव का?"

"तेच समज," सुईण म्हणाली. "चिमूटभर हळीव वाटीत भिजत घाल आणि थोड्या वेळाने बघ, कसे फुगून वर येतात ते. आम्हीही तसेच. तुझ्या दोन रकान्यांत मावत नाही."

लोक खो खो हसले. कारकून चिडला. "अगं म्हातारे, हे नाव जुन्या एकाही वहीत नाही! नाव आजचं, म्हणजे तुम्ही लोकही आजचेच!"

सुईण उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"शेकड्यांनी बाळंतपणं केली मी. एकही पोर नाव घेऊन आलं नाही. नाव बाराव्या दिवशी ठेवतात. म्हणून काय त्याआधी आईच्या कुशीत कुणी नसतं?"

कारकुनाचंही बारसं कधीतरी झालंच होतं. त्याने पट्टी काढली आणि वहीत तिसरा रकाना आखला.

"आता मागची पानंही काढा," त्या दोघी बहिणी पुढे होऊन म्हणाल्या.

तीन दिवस तो खाली मान घालून जुन्या चुका दुरुस्त करत बसला. बहिणींची नावं एकाखाली एक आली. त्यांना वाचता येत नव्हतं. नव्या शाळेतल्या एका मुलीने ती नावं सगळ्यांसमोर खणखणीत आवाजात वाचून दाखवली, आणि कुरणावरचं प्रत्येक माणूस ताठ मानेने उभं राहून ऐकत होतं. शाळेला पुन्हा कुणी हात लावला नाही.

गोष्टीचं म्हणणं एवढंच: आपण कोण, हे आपणच ठासून सांगावं, वह्या मागाहून दुरुस्त होतात.