बॅगांच्या नावे हुकूम

परचुरेसाहेबांच्या कारखान्यात लेखी हुकमाशिवाय पान हलत नसे. त्यांचा एक हुकूम असा, की ट्रेलरवर चुन्याच्या जंबो बॅगा लादून पट्टे आवळले की घाट उतरेपर्यंत गाडी थांबवायची नाही.

ट्रेलरचा ड्रायव्हर दगडू लेंगरे घाटमाथ्यावर थांबून पट्टे पुन्हा आवळू द्या म्हणत होता. एकेक बॅग टनाची. वाटेत धक्के खाऊन आतली भुकटी दबते आणि आवळलेले पट्टे ढिले पडतात. महिन्यापूर्वी हाच हुकूम पाळून त्याचा जोडीदार इस्माईल गाडीसकट दरीत गेला होता. चौकशीत दोष इस्माईलचाच निघाला.

“पट्टे मी स्वतः तपासलेत,” साहेब गुरकावले. “थांबलास तर नोकरी गेली समज!”

दगडूने हात जोडले. “नाही थांबत, साहेब. फक्त आणखी एक हुकूम लिहून द्या, बॅगांच्या नावे. घाट उतरेपर्यंत कुणी दबायचं नाही म्हणावं. मी वर चढून त्यांना वाचून दाखवतो.”

हमाल तोंड फिरवून हसले. साहेबांनी जुना हुकूम फाडला.

घाटमाथ्यावर दगडूने गाडी थांबवली. पट्ट्याखाली अख्खा हात जात होता. पट्टे आवळून त्याने दरीत पाहिलं. इस्माईलची गाडी अजून तशीच उलटी पडली होती.

एवढंसं उत्तर सुचायला त्याला एक महिना उशीर झाला होता.