राजाने नाक मुरडलं त्याची गोष्ट

एका राज्यात माणसं फार मिरवायची. फार म्हणजे फारच. तिथे गोंदाजी नावाचा एक सोनार होता, त्याच्या पगडीला अख्खा तागा लागायचा, वर मोराची पिसं वेगळी. हा गृहस्थ खेळ-तमाशाला जायचा आणि नेमका पुढच्या रांगेत बसायचा. मागच्यांना दिसायची फक्त पगडी. भागा नावाची एक बाई होती, ती असं काही अत्तर थापून यायची की देवळात आरती सुरू व्हायच्या आधी शिंका सुरू व्हायच्या. तरणी पोरं धोतराचे सोगे रस्त्यावरून फरफटत न्यायची आणि चिखल दुसऱ्याच्या अंगावर. कोणी पिचकारी मारी, कोणी भर बाजारात या टोकाहून त्या टोकाला हाका घाली. वैताग नुसता!

आता तुम्ही म्हणाल, कोणी बोलत कसं नव्हतं? नव्हतं बोलत. त्या राज्याची रीतच तशी होती. तोंडावर सांगणं म्हणजे मोठा असभ्यपणा. काही खटकलं की नाक मुरडायचं आणि पुढे चालू लागायचं. पोरांना अक्षरं शिकवायच्या आधी नाक मुरडायला शिकवायचे. मला विचाराल तर सगळं वाटोळं तिथेच झालं.

राजाचं नाव विनयकेतू. राणी वारली तेव्हापासून एकटा. त्याला एक मुलगी, चंद्रावळ. ही पोर सगळ्यांच्या वरताण होती. जोड्यांना घुंगरं, पदराला घुंगरं, वेणीच्या शेंड्याला घुंगरं. तीन दालनं पलीकडून कळायचं की स्वारी निघाली. त्यात हसणं केवढं! कारंज्यावरची पाखरं उडून जायची. आणि दारातूनच ओरडायची, "आबा, मी आले हो!" मग आत राजदूत बसलेले असोत की पुरोहित.

राजाचा तिच्यावर जीव होता, पण चारचौघांत त्याला कानकोंडं व्हायचं. प्रजेचं तर त्याला अगदी नको झालं होतं.

अशात करंजनाथ नावाचा मांत्रिक दरबारात आला. खांद्यावर झोळी आणि झोळीवर एक साळुंकी. साळुंकी बोलत होती, त्याचं कोणाला नवल वाटलं नाही, त्या काळी बोलायच्याच.

करंजनाथ म्हणाला, "राजा, हे काजळ घे. डोळ्यांत घाल. मग ज्याच्या ज्या गोष्टीवर नाक मुरडशील, ती गोष्ट त्याला सोडून जाईल आणि माझ्या झोळीत येईल."

"मोबदला?"

"तू जे टाकशील, तेच माझं. मात्र आपलं कोण, परकं कोण, हे काजळाला कळत नाही."

"मला कळतं," राजा म्हणाला, आणि त्याने काजळ घातलं.

हाय रे देवा, दोन श्वास थांबला असता तर!

दुसऱ्या दिवशी राजाची पालखी बाजारातून निघाली. गोंदाजी दिसला. राजाने नाक मुरडलं, पगडी गेली. भागा दिसली, अत्तर गेलं. सोगे गेले, पिचकाऱ्या गेल्या, हाका गेल्या. महिना उलटायच्या आत सगळं नगर राखी रंगाच्या कपड्यांत हळू आवाजात बोलू लागलं. राजा खूश. प्रधान म्हणाले, "महाराज, आता कसं सभ्य वाटतं!" जत्रेत गोंदाजीची धाकटी लेक हरवली आणि संध्याकाळपर्यंत रडत फिरली, कारण बापाला ती पगडीवरून ओळखायची. ही गोष्ट राजाच्या कानावर घालायला कोणी धजलं नाही.

मग शेजारच्या राज्याचे दूत आले, चंद्रावळीला मागणी घालायला. मोठ्या घरची, मोजकं बोलणारी माणसं. दरबार भरला. इतक्यात लांबून छुमछुम सुरू झाली. छुमछुम जवळ आली, दार धाडकन उघडलं, आणि चंद्रावळ खदखदून हसत ओरडली, "आबा, मी आले हो! बघा तरी, तुमचा हत्ती माझी माळच खाऊन बसला!"

दूतांनी एकमेकांकडे पाहिलं. राजाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. आणि त्याने नाक मुरडलं. इतकंसंच. माशी बसली तर मुरडतो तेवढंच.

घुंगरं जागच्या जागी नाहीशी झाली. हसू अर्ध्यात तुटलं. चंद्रावळ हळूहळू चालत पुढे आली, पदर सावरला, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "महाराज, काय आज्ञा?"

महाराज! पोटची पोर महाराज म्हणाली. राजाच्या काळजात चर्र झालं. दूत मात्र खुलले. "काय ही शालीनता! पुढल्या पौर्णिमेला येतो, होकार तयार ठेवा," म्हणून निघून गेले.

राजाने तिला जवळ बसवून विचारलं, "चंद्रे, हे स्थळ तुला पसंत आहे का गं?"

"महाराज म्हणतील तसं."

"तुला काय हवं ते सांग."

"काही नको, महाराज."

त्या दिवसापासून ती कधी यायची, कधी जायची, पत्ता लागायचा नाही. राजा मान वर करायचा तर ती समोर उभी, हात जोडून. जेवताना समोर बसायची, घास मोजके घ्यायची, उठून जायची. राजाला वाटे, हिने ताट आपटावं, भांडावं, काहीही करावं. अन्न गोड लागेना त्याला. असंच चाललं तर पौर्णिमेला ही लेक परक्या घरी जाणार, आणि जाताना वळूनसुद्धा बघणार नाही. राजाने हाय खाल्ली. राज्य प्रधानांवर सोपवलं आणि एकटाच करंजनाथाला शोधायला निघाला.

करंजनाथ कोरड्या समुद्राच्या तळाशी राहत असे. राजा तळाशी उतरून गेला. झोळी फुगून घराएवढी झाली होती आणि साळुंकी तिच्यावर बसली होती.

"आलास?" करंजनाथ म्हणाला.

"सगळं परत दे. हवं तर राज्य घे."

"मी हिसकावलेलं नाही, राजा, तू टाकलेलं आहे. परत न्यायचं तर अंगावर घालून न्यावं लागेल. पगडी घाल, अत्तर लाव, मुलीची घुंगरं बांध. लोकांत बस. लोक नाक मुरडतील, ते सोस. मी राजा आहे असं सांगायचं नाही, उलटं नाक मुरडायचं नाही. पहिली दोन परक्या गावात. तिसरं तुझ्याच दरबारात, तुझ्या मुलीसमोर. ही साळुंकी साक्षीला."

राजा पगडी घालून परमुलखात एका गावी गेला. तिथे कळसूत्री बाहुल्यांचा खेळ चालला होता. तो पुढे जाऊन बसला. मागे चुळबुळ झाली. "कोण हे ध्यान!" "स्वतःला कोण समजतो?" नाकं मुरडली गेली, ती त्याला न बघताही पाठीवर जाणवली. मान ताठ ठेवून तो बसून राहिला, घामाने भिजला. जरा वेळाने एका म्हातारीने त्याच्या खांद्यावर बोट टोचलं. "अहो पाव्हणं, तेवढी पगडी काढता का? माझ्या नातीला दिसत नाही."

राजा दचकला. असं कोणी त्याच्या राज्यात बोलत नसे. त्याने पगडी काढून मांडीवर घेतली. "घ्या," म्हणून म्हातारीने मूठभर फुटाणे दिले आणि खेळ बघू लागली. झालं! एवढंच होतं सगळं.

झोळीत आलेल्या प्रत्येक वस्तूची हकीकत साळुंकीला ठाऊक असे. राजाने तिला विचारलं, "गोंदाजी एवढी पगडी का घालायचा?"

"का म्हणजे? आवडायची त्याला."

"दुसरं काही कारण?"

"नाही. प्रत्येक गोष्टीला कारण लागतं का रे? पण कोणी सांगितलं असतं ना, तर त्यानेही काढून मांडीवर घेतली असती. भला माणूस आहे तो."

राजा फुटाणे चावत पुढे निघाला.

मग त्याने अत्तर लावलं आणि भरलेल्या नावेत चढला. जो तो शिंकू लागला. लोक दुसऱ्या कडेला सरकले, नाव कलंडली. नावाडी ओरडला, "अहो, अत्तरात बुडून आलात, आता आम्हाला पाण्यात बुडवता का?" सगळी नाव हसली. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण तो पैलतीरापर्यंत बसून राहिला.

उतरल्यावर साळुंकी आपणहूनच बोलली. "भागा कातडी कमावते. दिवसभर हात त्या कुंडात. कितीही धुतले तरी वास जात नाही. देवळात लोकांना त्रास नको म्हणून बिचारी अत्तर लावायची. जरा जास्त व्हायचं, तिला कळायचं नाही, नाक मेलेलं आहे तिचं."

"आणि आता?"

"आता ती देवळात येत नाही."

राजा नदीकाठी खाली बसला. मग म्हणाला, "घुंगरांचं काय? ते पण सांगून टाक."

"नको विचारूस."

"सांग."

साळुंकीने पंख मिटले. "राणी गेली तेव्हा पोर लहान होती. एकदा ती पाय न वाजवता तुझ्या खोलीत आली. तू रडत होतास. तिला पाहून तू घाईघाईने डोळे पुसलेस, तोंड फिरवलंस. तिला वाटलं, आपण आबांना चोरासारखं पकडलं. दुसऱ्या दिवशी तिने जोड्यांना घुंगरं शिवून घेतली. आपण येतोय हे लांबूनच कळावं. तुला डोळे पुसायला वेळ मिळावा."

इतकी वर्षं ती छुमछुम ऐकून राजा कपाळाला हात लावत होता. एकदा, एकदा नुसतं विचारलं असतं, "बाळ, हे कशाला गं?" पण विचारायची रीत नव्हती ना! आग लागो त्या रीतीला.

पौर्णिमेला दरबार भरला. दूत आले होते. चंद्रावळ हात जोडून उभी होती. सगळं शांत, सगळं राखी. आणि लांबून छुमछुम ऐकू आली. दार धाडकन उघडलं. दारात राजा, जोड्यांना घुंगरं, उपरण्याला घुंगरं, दाढीच्या टोकालासुद्धा एक बांधलेलं. तो मोठ्याने हसला. पहिलं हसू खोटं निघालं, घशात अडकलं. मग तो जीव तोडून ओरडला, "चंद्रे, मी आलो गं!"

दूतांनी नाकं मुरडली. प्रधानांनी मुरडली. राजाने स्वतः घडवलेली सभ्य प्रजा, तिनेही मुरडलं. आणि मग चंद्रावळीने बापाकडे पाहिलं, आणि तिनेही नाक मुरडलं.

ते सगळ्यांत जड गेलं. राजाला कळलं, दारात उभ्या असलेल्या माणसाला हे कसं लागतं. तो हलला नाही. मान खाली घातली नाही. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, त्याने ते पुसलं नाही, सगळ्यांदेखत वाहू दिलं. पाण्याबरोबर काजळ वाहून गेलं.

तिकडे कोरड्या समुद्राच्या तळाशी झोळी उसवली. पगडी उडत आली आणि गोंदाजीच्या डोक्यावर बसली, तसा लेकीने त्याला लांबूनच ओळखलं आणि धावत सुटली. भागाच्या अत्तराचा दरवळ वेशीपर्यंत पोचला. बाजारात एकदम इतक्या हाका उठल्या की गाढवं बिथरली. आणि राजाच्या अंगावरची घुंगरं सुटून चंद्रावळीच्या पायांशी, पदराशी, वेणीशी गेली.

"आबा!" ती म्हणाली. "अहो आबा, दाढीला काय बांधलंत हे?" आणि हसली. दूत उठून चालते झाले. त्यांना कोणी थांबवलं नाही.

राजा तिच्यासमोर बसला. भरल्या दरबारात म्हणाला, "मी चुकलो, चंद्रे. मला तुझी लाज वाटली. वाटायला नको होती."

"असू द्या हो आबा," ती म्हणाली.

मग राजाने दवंडी पिटवली की यापुढे ज्याला जे खटकेल त्याने ते समोर जाऊन, नीट शब्दांत सांगावं, आणि आधी विचारावं. सुरुवातीला फार भांडणं झाली. पुढे लोकांना सवय लागली. भागाला शेजारणीने हळूच सांगितलं, "अगं, एकच थेंब पुरे," आणि ती पुन्हा देवळात जाऊ लागली. पिचकाऱ्या मात्र बंद झाल्या त्या झाल्याच, बरं झालं. राज्याची घडी बसली.

एवढं झाल्यावर राजाने सुखाने राहायला हवं होतं. पण हळूहळू एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. चंद्रावळ हसते, पहिल्यासारखीच हसते. फक्त हसू ओठांवर येतं तेव्हा ती क्षणभर थांबते आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. मग हसते. ही सवय तिला पूर्वी नव्हती.

राजा पुन्हा कोरडा समुद्र उतरून गेला. हात जोडून म्हणाला, "करंजनाथा, झोळीच्या तळाशी काही राहिलंय का बघ. ती हसण्याआधी थांबते रे."

करंजनाथाने झोळी उलटी करून झटकली. रिकामी होती.

"माझ्याकडे होतं ते सगळं दिलं, राजा," तो म्हणाला. "हे माझ्याकडे आलंच नव्हतं."

राजा घरी परतला. त्यानंतर तो पुष्कळ वर्षं जगला, आणि चंद्रावळ त्याच्याकडे बघायची तेव्हा दर वेळी मान हलवून म्हणायचा, "हस गं, बाळ." ती हसायची. पण आधी बघायची.