ठकीची पिल्लं दर्यावर गेली, त्याची गोष्ट

या, सरका जवळ. तेजू, पाय पोटाशी घे, माझ्या गुडघ्याला लागतात. आज राजा नाही आणि राणीही नाही. आज आमच्या घरची मांजर. आणि गोष्टीत एक वेंधळी मुलगी आहे, ती मी. हसताय काय? मी काही जन्मतःच आजी नव्हते.

तर एकदा काय झालं, आमच्या ठकीला दिवस गेले. ठकी म्हणजे आमची मांजर, बरं का. रंगाने करपलेल्या भाकरीसारखी आणि एक नंबरची चोरटी. आमचं घर होतं समुद्राच्या काठाला. माझे बाबा होते मचव्याचे तांडेल. मचवा म्हणजे शिडाची मोठी होडी, आणि तांडेल म्हणजे तिच्यावरचा मुख्य. पावसाळ्यात दर्या खवळतो. म्हणून मचवा वाळूवर ओढून ठेवायचा आणि वरून झावळ्यांनी झाकायचा. मग नारळी पौर्णिमेपर्यंत तो तिथेच, म्हातारबुवासारखा पांघरूण घेऊन पडलेला.

नागपंचमीला ठकीचं पोट उतरलेलं दिसलं. व्याली, पण कुठे व्याली? कोणालाच ठाऊक नाही. आणि शोधायचीही सोय नव्हती, कारण घरात काशीआत्या होती. बाबांची थोरली बहीण. तिचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. ती म्हणाली, "पिल्लांचे डोळे उघडेपर्यंत कोणी बघायला जायचं नाही. माणसाची नजर पडली की मांजर पिल्लं उचलून दुसरीकडे नेते."

आम्ही पाच भावंडं. चौघांनी ऐकलं. मी नाही ऐकलं.

मी ठकीच्या मागे मागे गेले. ती झावळ्यांखालून मचव्यात शिरली, तशी मीही शिरले. बघते तर काय, पुढच्या कोपऱ्यात जुनं शीड घडी करून ठेवलेलं, आणि त्या घडीत चार पिल्लं. एवढी एवढीशी. मी एकदा पाहिली. मग दुसऱ्या दिवशी पाहिली. मग तिसऱ्या दिवशीही गेले. तेव्हा कुठे मला आत्याचं बोलणं आठवलं आणि धडकी भरली. आता ठकी पिल्लं हलवणार, माझ्यामुळे हलवणार. मग मी तिकडे फिरकले नाही. आणि घरातही तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

मग आली नारळी पौर्णिमा. आईने नारळीभात रांधला. गडीमाणसं वाळूवर गोळा झाली. झावळ्या काढल्या, मचव्याला पताका लावल्या. नवं शीड डोलकाठीला चढवलं. जुनं शीड पुढच्या कोपऱ्यात तसंच राहिलं, आणि त्याच्या अंगावर जाळी रचली. ठकी त्या गर्दीला घाबरून पळाली, ती घरातल्या माळ्यावर. मग बाबांनी दर्याला नारळ वाहिला आणि सगळ्यांनी मिळून मचवा पाण्यात ढकलला.

आणि मी? मी तिथेच उभी होते. टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, मी तीन तीनदा बघितलंय, म्हणजे ठकीने पिल्लं कधीच हलवली असणार. आत्याचं बोलणं खोटं कसं होईल? बघा मुलांनो, मी आत्याचं ऐकलं नाही, पण तिच्यावर विश्वास मात्र पुरता ठेवला. असली मी शहाणी.

मग गर्दी पांगली आणि ठकी आली. जिथे मचवा उभा असायचा तिथे आली. तिथे आता नुसती वाळूत खोल रेघ होती. ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगत गेली. परत आली. पुन्हा गेली. मग तिने मान वर केली आणि समुद्राकडे बघितलं.

तिने पिल्लं हलवलीच नव्हती. मी धावत आईकडे गेले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं. आई मला रागावली नाही. तिने हातातलं उलथनं ठेवलं आणि तशीच किनाऱ्यावर आली. काशीआत्याही मागोमाग आली. मचवा पार लांब गेला होता.

आता आमच्याकडे रीत अशी की, पहिल्या फेरीला निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नाही. आई हाक मारायला गेली तेवढ्यात आत्याने तिचा हात धरला. म्हणाली, "पारू, पहिली फेरी आहे."

आई म्हणाली, "असू दे, वन्सं. तिची पोरं आहेत त्यात."

आणि तिने हाक मारली. जन्मात कधी बाबांना हाक न मारणारी माझी आई, छातीतून ओरडली. पण वारा उलटा होता. हाक पोहोचलीच नाही.

मग काय झालं माहीत आहे? ठकी पाण्यात शिरली. मांजर कधी पाण्यात जाते का? पण ती गेली. पोट भिजेपर्यंत गेली, लाटा तोंडावर घेत उभी राहिली. आणि तिने हाक मारली. तसलं ओरडणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही, बरं का.

पुढचं बाबा सांगायचे, तसं सांगते. ठकीने पहिली हाक मारली आणि तिकडे भर दर्यात वारा पडला. शीड लोंबायला लागलं. बाबा म्हणाले, ठीक आहे, इथेच जाळं टाकू. मग ठकीने दुसरी हाक मारली. जाळं ओढलं तर आत एक मासा नाही, एक शेवाळाचा धागा नाही. नुसतं पाणी गळलं. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मग ठकीने तिसरी हाक मारली. आणि जुन्या शिडाच्या घडीतून बारीकसा आवाज आला. म्यँव.

बाबांनी घडी उलगडली. चार पिल्लं, तोंडं उघडून आईला शोधत होती.

मचव्यावर लखमाकाका होते, सगळ्यांत म्हातारे. ते म्हणाले, "तांडेल, पहिल्या फेरीला रिकामा मचवा माघारी नेऊ नये. वर्षभर रिकामे फिरू."

बाबांनी डोक्यावरची लाल टोपी काढली. पिल्लं एकेक करून तिच्यात ठेवली. म्हणाले, "काका, रिकामा कुठे? ही चार आहेत की." आणि सुकाणू वळवलं.

सुकाणू वळलं मात्र, वारा असा आला की वल्ह्याला कोणाला हात लावावा लागला नाही. दर्याच जणू तळहातावर मचवा घेऊन निघाला. आणि मागे पुन्हा सोडलेलं जाळं जड जड व्हायला लागलं. काठाला येईपर्यंत ते पापलेटांनी गच्च भरलं होतं. खरं म्हणता? मी पापलेटं खाल्ली, तेवढं नक्की.

पण तेव्हा माशांकडे बघतंय कोण. बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि टोपी ठकीपुढे वाळूवर ठेवली. तीन पिल्लं वळवळत होती. चौथं गप्प होतं. गार पडलं होतं. मला रडूही येईना. वाटलं, हे माझ्यामुळे.

ठकीने त्या चौथ्याला आधी घेतलं. चाटायला लागली. चाटलं, पालथं केलं, पुन्हा चाटलं. काशीआत्या खाली बसली आणि आपल्या लुगड्याच्या पदराने वारा अडवून धरला. एवढी कडक बाई, पण डोळ्यांत पाणी. मग त्या पिल्लाने एक पाय हलवला. मग तोंड उघडलं. मग चाचपडत चाचपडत आईच्या पोटाशी गेलं आणि चुटुक चुटुक दूध प्यायला लागलं. बघणाऱ्या सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला. मी आईच्या कमरेला मिठी मारून मोठ्याने रडले, आणि आईने मला रडू दिलं.

त्या संध्याकाळी आम्ही सगळे नारळीभाताला बसलो. ताटं वाढून झाली, तरी आई खाली बसेना. एकेकाच्या मागे जाऊन डोक्यावर हात ठेवत होती. एक, दोन, तीन, चार, पाच. आम्ही सगळे तिच्या समोरच होतो. तरी तिने मोजलं, आणि मगच तोंडात घास घातला.

पुढे ठकी चार पिल्लांसह चुलीजवळच राहिली. पिल्लं मोठी झाली, पापलेटं चोरायला शिकली, सगळे सुखात राहिले.

आता मिटा डोळे. थांबा जरा, डोकी इकडे करा. ही अंकिता. हा तेजू. हे पांघरुणात लपलेलं छोटं कोण, मोनू. एक, दोन, तीन. आहात सगळे. झोपा आता.