पांगाऱ्याच्या परीची पहिली नजर

डोंगराच्या कुशीतल्या पांगरखोल गावात येसूचं इवलंसं घर होतं, आणि घरातल्या फळीवर ठक्या बसल्या होत्या. लाकडाच्या बाहुल्या, हातभर उंचीच्या. लाल लुगडं, पिवळेधमक काठ, नाकात रंगवलेली नथ. फक्त डोळे नव्हते.

येसूची आई, भागीरथी, ठक्या घडवण्यात साऱ्या मुलखात नावाजलेली. तिची ठकी उशाशी असली की लेकरांना वाईट स्वप्न पडत नाही, असं लोक सांगत. ती पहाटे पापणी लववते, असंही सांगत. पण पावसाळा सरला आणि आईच्या डोळ्यांपुढे धुकं साचलं. लाकूड ती बोटांनी चाचपून कोरायची. केसाएवढी बारीक बुबुळं मात्र कशी काढणार? आणि गावाची रीत अशी, की जिने ठकी घडवली तिनेच तिचे डोळे उघडायचे. दुसऱ्याचा हात लागला, तर ती नुसतं लाकूड राहते.

"बिनडोळ्यांच्या ठक्या कोण घेणार गं?" शेजारची राहीकाकू म्हणाली. "आंधळी कोशिंबीर खेळायला?"

"तूच ने एक," आई म्हणाली. "तुझ्या घरातला पसारा तरी तिला दिसायचा नाही."

काकू हसली. चुलीवर मात्र त्या दिवशीही नुसती पेजच होती.

गावामागे पांगाऱ्याची राई होती. तिथे इच्छा पुरवणारी परी राहते, असं म्हणत. दुपारी येसू तिकडे गेली. एका झाडाला पान नव्हतं, नुसती लालभडक फुलं, जशा शेकडो चिमण्या ज्योती. बघता बघता फुलं हलली, झगमगली आणि त्यांच्यातून परी उतरली. अंगावर सोनसळी उजेड, पंख काजव्यांच्या रंगाचे.

"माग, बाळ," परी म्हणाली. "एकच इच्छा. स्वतःसाठी नाही. आणि एकदा तोंडातून निघाली, की परत घ्यायची नाही."

येसूने मान वर केली. परीचा चेहरा गुळगुळीत होता. कपाळ, नाक, ओठ. डोळ्यांच्या जागी काहीच नाही.

"तुझे डोळे?" तिने हळूच विचारलं.

"मी या गावची सगळ्यात पहिली ठकी. मला घडवणारी म्हातारी होती. डोळे उघडायच्या आधीच ती देवाघरी गेली. मग मी राईत आले. किती जण येऊन गेले. सोनं मागितलं, घोडे मागितले. हे मात्र कुणी विचारलं नाही."

"म्हणजे ही एवढी फुलं तू कधी पाहिलीच नाहीस?" येसू म्हणाली. "तुला डोळे यायला हवेत गं."

बोलून गेली आणि तिने तोंडावर हात ठेवला. इच्छा संपली होती. आईसाठी जपून आणलेली, एकुलती एक.

परीच्या चेहऱ्यावर दोन रेघा उमटल्या. पाकळीसारख्या नाजूक, मिटलेल्या पापण्या.

"रडतेस?" परीने विचारलं.

"थोडंसं," येसू म्हणाली. "पण परत नाही मागत."

परी गोड हसली. "डोळे अजून उघडले नाहीत मी. नव्या ठकीची पहिली नजर कशावर पडते, ते तुला माहीत आहे ना?"

माहीत होतंच. पांगरखोलात नवी ठकी आधी आटलेल्या विहिरीला दाखवत, दूध न पिणाऱ्या वासराला दाखवत. तिची पहिली नजर पडली, की उणं असेल ते भरून येतं.

"तू समोर आहेस," परी म्हणाली. "तुलाच बघू?"

"नको, मिटूनच ठेव," येसूने घाईने तिचा हात धरला. "थोडं चालावं लागेल. इथे मूळ आहे, पाय उचल. आता उतार आहे."

रोज आईला न्यायची, तशीच तिने परीला नेलं. वाटेतली गवताची पाती एकेक करून चमकत गेली. राहीकाकू अंगणात पापड वाळत घालत होती. तिच्या हातातला पापड तसाच हातात राहिला.

आई उंबऱ्यात बसली होती.

"आता," येसू म्हणाली.

परीने डोळे उघडले. काळेभोर, ओले, अथांग डोळे. ती नजर आईच्या धुकट डोळ्यांवर टेकली. घरभर उजेड पसरला, आधी केशरी, मग मोतिया, मग नुसताच शुभ्र. त्या शुभ्रात परी एकदा वळली, तिने येसूकडे डोळे भरून पाहिलं आणि ती उजेडातच विरून गेली.

आईने पापण्या मिटल्या, उघडल्या. उंबरा पाहिला, आपले रंगलेले हात पाहिले. मग लेकीकडे कितीतरी वेळ पाहत राहिली.

"येसू," ती म्हणाली, "केसांचं काय करून ठेवलंयस हे? फणी आण."

येसू फणी घेऊन पुढ्यात बसली. आईने मान वळवून फळीकडे पाहिलं.

"जरा थांबा गं बायांनो," ती ठक्यांना म्हणाली. "आधी हिची वेणी घालते."